क्रमांक देता, तर हिशेबही द्या : सर्वकालीन श्रेष्ठ फुटबॉलपटू ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्वकालीन श्रेष्ठ फुटबॉलपटूंच्या याद्या प्रसिद्ध करणारे संपादक, निवड समित्यांचे सदस्य आणि मतदार यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका समितीने अलीकडेच सर्वकाळच्या श्रेष्ठ फुटबॉलपटूंची क्रमवार यादी प्रसिद्ध केली. निकष कोणते होते, मते कोणी दिली आणि कोणाला किती पडली, याविषयी त्या यादीसोबत चार ओळीही नव्हत्या. मी लेखी विचारणा केली, तेव्हा समितीचा निर्णय अंतिम आहे, एवढेच उत्तर आले. त्या समितीचे नाव मी येथे घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. आजवर माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक याद्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच आहे. म्हणून हे पत्र आपणां सर्वांना मिळून, आणि उघडपणे लिहीत आहे.

या प्रकरणाशी माझा संबंध काय, हे आधी सांगतो. मी हौशी पातळीवर का होईना, पण आयुष्यभर बचावफळीत खेळलो आणि आता मुलामुलींना हा खेळ शिकवतो. जुन्या सामन्यांच्या पूर्ण चित्रफिती, म्हणजे निवडक गोलांचे तुकडे नव्हेत तर पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंतचा खेळ, पाहण्याचा मला नाद आहे. आपल्या याद्या माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतात आणि त्यांना त्या इतिहास वाटतात. गोलजाळ्यापुढे उभे राहायला मुले नाखूश असतात, त्याला इतरही कारणे आहेतच. पण मोठेपणाची जी यादी त्यांना तोंडपाठ असते तिच्यात गोलरक्षक शोधावा लागतो, हेही एक कारण आहे, असे मी अनुभवाने सांगतो.

गैरसमज नको म्हणून आणखी एक खुलासा. माझा आवडता खेळाडू चार जागा खाली का गेला, अशी ही तक्रार नाही. पेले थोर की मॅराडोना, मेस्सी थोर की क्रिस्तियानो रोनाल्डो, हा वाद घालण्यात मलाही आनंद वाटतो आणि तो वाद कधी मिटू नये, असेच मला वाटते. मात्र वाद घालणारे दोन मित्र आपापली कारणे एकमेकांना सांगतात. आपण निवाडा देता आणि कारणे गुलदस्त्यात ठेवता, याला माझी हरकत आहे.

पहिली तक्रार अशी की एकाच यादीत खेळाडूगणिक मोजपट्टी बदलते. विश्वचषक जिंकणे ही थोरवीची अट असेल, तर ती सर्वांना सारखी लागली पाहिजे. नेदरलँड्सच्या योहान क्रायफने विश्वचषक जिंकला नाही. 1974 च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्स पश्चिम जर्मनीकडून 2-1 ने हरले. तरी आपण त्याला वरच्या जागांवर ठेवता, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. मग आल्फ्रेडो डि स्टेफानोला विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत एकही सामना खेळायला मिळाला नाही, हे वाक्य त्याच्या नावापुढे गुण कापल्यासारखे का छापले जाते? त्याच्या रेआल माद्रिद क्लबने 1956 ते 1960 या काळात सलग पाच युरोपियन चषक, म्हणजे युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकले आणि त्या पाचही अंतिम सामन्यांत त्याने गोल केले. त्यांतल्या शेवटच्या, ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर 7-3 असा संपलेल्या सामन्यात त्याचे तीन आणि सहकारी फेरेन्क पुस्कासचे चार गोल होते. दुसरीकडे, 1962 चा विश्वचषक पेलेच्या खात्यावर पूर्ण जमा धरला जातो, जरी दुसऱ्याच सामन्यात जायबंदी होऊन तो स्पर्धेबाहेर गेला होता. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध दोन आणि उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध दोन गोल करून ब्राझीलला पुढे नेणारा गारिंचा होता. पेलेचे मोठेपण 1962 वर अवलंबून नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही जमाखर्च मांडायचाच, तर तो नीट मांडावा.

याच संदर्भात 18 डिसेंबर 2022 च्या विश्वचषक अंतिम सामन्याचा शेवट आठवून पाहा. कतारमधील लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिना आणि फ्रान्स 3-3 बरोबरीत होते, जादा वेळाचीही भरपाईची मिनिटे चालू होती, आणि फ्रान्सचा रँडल कोलो मुआनी एकटाच चेंडूसह अर्जेंटिनाच्या गोलसमोर पोहोचला. त्याने फटका मारला. गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने पुढे येत, हात पसरून, डावा पाय शक्य तितका लांबवला आणि चेंडू त्या पायावर आदळून बाहेर आला. तो पाय वीतभर आखूड पडला असता, तर अर्जेंटिना हरली असती. त्या रात्री दोन गोल केलेल्या मेस्सीच्या खेळात मात्र त्यामुळे तसूभरही फरक पडला नसता. आता आपल्यापैकी अनेकांच्या त्या डिसेंबरपूर्वीच्या आणि नंतरच्या याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. मेस्सी वर सरकला तो कशाच्या बळावर? उत्तर 'विश्वचषक' असे असेल, तर त्या बढतीतला मोठा वाटा मार्टिनेझच्या पायाचा आहे, आणि तो मार्टिनेझ आपल्या यादीच्या आसपासही नाही.

यातूनच दुसरी तक्रार निघते, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत गंभीर आहे. अकरा जण मिळून जो खेळ खेळतात, त्याची थोरवी आपण जवळपास सगळी पुढच्या चौघांत वाटून टाकता. बॅलन डी'ओर हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार 1956 पासून दिला जातो. पुरुषांचा तो मुख्य पुरस्कार मिळवणारा गोलरक्षक आजवर एकच, 1963 चा लेव याशिन. बचावपटू म्हणून ज्यांची गणना होते असे मानकरी तीन : फ्रान्झ बेकेनबाउर, मातियास झामर आणि फाबिओ कानावारो. त्यांतही बेकेनबाउर आणि झामर हे मागून पुढे चेंडू घेऊन जाणारे, म्हणजे अर्धे मध्यरक्षकच. पाओलो माल्दिनी पंचवीस हंगाम एसी मिलानच्या बचावफळीत खेळला, युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धा पाच वेळा जिंकला, आणि हा पुरस्कार त्याला एकदाही मिळाला नाही. पुढे 2016 मध्ये, पूर्वी या पुरस्कारातून वगळलेल्या युरोपबाहेरच्या खेळाडूंवर झालेला अन्याय दूर करावा म्हणून तो देणाऱ्या फ्रान्स फुटबॉल या नियतकालिकाने जुन्या वर्षांचे फेरमूल्यमापन छापले, तेव्हा 1963 चे मानाचे स्थान पेलेला दिले गेले. मूळ पुरस्कार अर्थातच याशिनकडेच राहिला. पण एक अन्याय दूर करताना, कागदावर का होईना, खुर्ची रिकामी करायला सांगितली गेली ती यादीतल्या एकुलत्या एका गोलरक्षकाला, ही गंमत कोणाच्याच लक्षात आली नसावी.

बचाव म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर 17 जुलै 1994 चा, अमेरिकेतील पॅसाडेनाचा विश्वचषक अंतिम सामना पूर्ण पाहा. इटलीचा फ्रँको बारेसी त्याच स्पर्धेत नॉर्वेविरुद्ध जायबंदी झाला होता. गुडघ्याच्या कूर्चेची शस्त्रक्रिया झाली, आणि पुरते चार आठवडेही उलटले नसताना तो अंतिम सामन्यासाठी मैदानात उतरला. कोस्ताकुर्ता आणि तासोत्ती निलंबनामुळे बाहेर होते, म्हणून माल्दिनीला मधोमध आणून बारेसीच्या शेजारी उभे करावे लागले. समोर रोमारिओ आणि बेबेतो ही त्या स्पर्धेतली सर्वांत धोकादायक जोडी. जादा वेळ धरून 120 मिनिटे खेळ झाला आणि ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. या सामन्यात बारेसी धावण्यापेक्षा चालताना जास्त दिसतो. चेंडू रोमारिओकडे येण्याआधीच तो एक-दोन पावले सरकलेला असतो, त्यामुळे चेंडू देणाऱ्याला वाट बदलावी लागते आणि नोंदवहीत लिहिण्यासारखे काहीच घडत नाही. काही घडू न देणे, हीच त्याची कामगिरी. पुढे पेनल्टीच्या मालिकेत त्याने आपला फटका गोलच्या वरून मारला. आपल्या निवडक दृश्यांत त्या सामन्यातला बारेसी तेवढाच उरला आहे.

तिसरी तक्रार काळाची आणि नियमांची आहे. 1966 च्या विश्वचषकात लिव्हरपूलमधील गुडिसन पार्कवर पोर्तुगालच्या मोराइसने पेलेला लागोपाठ दोनदा पाडले. मोराइस मैदानातच राहिला. बदली खेळाडू घेण्याची मुभा तेव्हा विश्वचषकात नव्हती, त्यामुळे पेले उरलेला सामना लंगडत खेळला आणि ब्राझील 3-1 ने हरून स्पर्धेबाहेर गेले. पिवळी व लाल कार्डे आणि बदली खेळाडू या दोन्ही गोष्टी विश्वचषकात आल्या त्या 1970 मध्ये. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली 1992 मध्ये. आघाडीवीराला मिळणारे संरक्षण, बचावपटूला असलेली मोकळीक, गोलरक्षकाकडून असलेली अपेक्षा, हे सगळे या बदलांनी पालटले. अशा वेळी 1950 च्या दशकातल्या आणि आजच्या आघाडीवीरांचे गोल एकाच रकान्यात मांडून त्यांची वजाबाकी करण्यात काय अर्थ आहे?

शिवाय गोलांचे आकडे तरी सारखे मोजलेले कुठे आहेत? पेलेचे 1281 गोल सांगितले जातात, त्यांत त्याच्या सांतोस क्लबच्या परदेश दौऱ्यांवरील आणि इतर मैत्रीपूर्ण सामन्यांतील गोल धरलेले आहेत. ब्राझीलसाठी अधिकृत सामन्यांत त्याने 92 सामन्यांत 77 गोल केले, आणि हा आकडा स्वतःच्या पायावर उभा राहण्याइतका मोठा आहे. रोमारिओने 2007 मध्ये हजारावा गोल साजरा केला, तो स्वतःच्या मोजणीनुसार. ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियाकडून खेळलेल्या योसेफ बिकानच्या गोलांच्या संख्येवर अभ्यासकांत आजही एकमत नाही, आणि ब्राझीलच्या आर्तुर फ्रीडनराइखच्या नावावर सांगितले जाणारे हजाराहून अधिक गोल कागदपत्रांनी सिद्ध होत नाहीत. हे सारे आकडे आपण कोणत्याही तळटीपेविना छापता. ते सामने मैत्रीपूर्ण होते की अधिकृत, एवढे दोन शब्द लिहायला जागा लागते ती किती?

चौथी तक्रार नकाशाची आहे. बॅलन डी'ओर 1995 पर्यंत फक्त युरोपीय खेळाडूंनाच मिळू शकत होता. त्या वर्षी युरोपातील क्लबांत खेळणाऱ्या इतर देशांच्या खेळाडूंना दार उघडले आणि लगेच लायबेरियाच्या जॉर्ज वेआने तो जिंकला. जगभरातील क्लबांच्या खेळाडूंना तो खुला झाला 2007 मध्ये. म्हणजे पेले आणि मॅराडोना यांच्या नावापुढे या पुरस्काराच्या रकान्यात शून्य दिसते, ते त्यांच्या खेळामुळे नाही. तरी पुरस्कारांच्या संख्येवर क्रमवारी लावणारे तक्ते आजही निघतात. 1940 च्या दशकातल्या अर्जेंटिनाच्या पिढीचे दुर्दैव तर दुहेरी आहे. रिव्हर प्लेट क्लबचा होसे मानुएल मोरेनो चार वेगवेगळ्या देशांत लीग विजेता ठरला, पण त्याच्या उमेदीच्या काळात महायुद्धामुळे 1942 आणि 1946 चे विश्वचषक झालेच नाहीत. चिलीचा बचावपटू एलियास फिगेरोआ 1974 ते 1976 अशी सलग तीन वर्षे दक्षिण अमेरिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. युरोपात बसून केलेल्या याद्यांत त्याचे नाव दिसले तर नशीब. आफ्रिकेची गोष्ट याहून सरळ आहे. 1966 च्या विश्वचषकात आफ्रिकेला एकही थेट जागा नव्हती, म्हणून तिथल्या देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला, आणि हक्काची जागा त्यांना 1970 पासून मिळाली. त्याच 1966 मध्ये नऊ गोल करून स्पर्धा गाजवणारा युसेबिओ मोझांबिकमध्ये जन्मलेला होता आणि पोर्तुगालकडून खेळत होता. ज्यांना दारातच अडवले, ते आत दिसले नाहीत म्हणून त्यांना लहान ठरवणे हा न्याय नव्हे.

पाचवी तक्रार मी थोडक्यात मांडतो, कारण तिच्यात युक्तिवादाला फारसा वावच नाही. आपल्या यादीचे शीर्षक 'सर्वकालीन श्रेष्ठ फुटबॉलपटू' असे असते आणि आत एकही स्त्री नसते. इंग्लंडमध्ये 1920 च्या डिसेंबरात गुडिसन पार्कवर स्त्रियांचा सामना पाहायला सुमारे 53,000 प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली, ती जवळजवळ पन्नास वर्षे. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत स्त्रियांना फुटबॉलची कायद्याने मनाई होती. त्याच ब्राझीलच्या मार्ताने विश्वचषक स्पर्धांत 17 गोल केले, पुरुषांच्या विश्वचषकांत 16 गोल करणाऱ्या जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोसापेक्षा एक अधिक. जपानची होमारे सावा 2011 मध्ये पाचवा विश्वचषक खेळत होती. अंतिम सामन्यात 117 व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू तिने पायाच्या बाहेरच्या कडेने हलकेच वळवून बरोबरी साधली आणि जपानने पेनल्टीवर विश्वचषक जिंकला. सर्वाधिक गोल तिचेच, सर्वोत्तम खेळाडूही तीच. हा गोल एखाद्या पुरुषाने केला असता, तर तो आपल्या प्रत्येक चित्रफितीत असता.

मतदानाच्या पद्धतीबद्दल फार लिहीत नाही. फिफाने 2000 मध्ये शतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवायला घेतला, तेव्हा इंटरनेटवरील मतदानात मॅराडोना जिंकला आणि फिफाच्या नियतकालिकाचे वाचक व निवडक जाणकार यांच्या मतांत पेले. शेवटी दोघांनाही सन्मान द्यावा लागला. मतदार बदलले की उत्तर बदलते, हे त्या वर्षीच सिद्ध झाले. फिफाच्या शताब्दीसाठी 2004 मध्ये पेलेने निवडलेली 125 जणांची यादी फक्त हयात खेळाडूंची होती, त्यामुळे तिच्यात गारिंचा, याशिन किंवा बॉबी मूर असणे शक्यच नव्हते. ती अट तेव्हा निदान जाहीर तरी होती. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या अटी जाहीर केल्या आहेत?

आता मागण्या. त्या अवघड नाहीत आणि त्यांना खर्चही फारसा नाही.

मतदान सुरू होण्यापूर्वी निकष आणि प्रत्येक निकषाला दिलेले महत्त्व जाहीर करावे. विश्वचषकाला किती, क्लबच्या कामगिरीला किती, दीर्घ कारकिर्दीला किती आणि ऐन बहराच्या दोन-तीन वर्षांना किती, हे आधी ठरलेले असावे. नावे लावून झाल्यावर निकष शोधू नयेत.

मतदारांची नावे आणि त्यांची मते यादीसोबत छापावीत. ज्या खेळाडूंच्या पूर्ण सामन्यांच्या चित्रफिती उपलब्ध आहेत, त्यांचे निदान काही सामने मतदाराने अथपासून इतिपर्यंत पाहिले आहेत, असे त्याने लिहून द्यावे. ज्यांच्या पूर्ण सामन्यांच्या चित्रफितीच उरलेल्या नाहीत, अशा 1924 आणि 1928 चे ऑलिम्पिक व 1930 चा विश्वचषक जिंकणाऱ्या उरुग्वेच्या होसे लेआंद्रो आंद्रादेसारख्या खेळाडूंसाठी इतिहासकारांचा वेगळा गट नेमावा.

गोलरक्षक, बचावपटू, मध्यरक्षक आणि आघाडीवीर यांच्या स्वतंत्र याद्या आधी कराव्यात. एकत्र यादी हवीच असेल, तर ती या चार याद्यांतून कशी तयार झाली, हे सांगावे. एखाद्या स्थानावरचे खेळाडू एकत्र यादीत जवळपास नाहीतच, असे दिसले, तर समितीने त्याचे कारण लेखी द्यावे.

मैत्रीपूर्ण सामन्यांतील गोल अधिकृत गोलांपासून वेगळे दाखवावेत आणि ज्या आकड्यांवर वाद आहे, तिथे तो वाद नोंदवावा.

स्त्रियांचा समावेश करावा, नाहीतर शीर्षकात 'पुरुष' हा शब्द घालावा. दोन्ही टाळण्याची सोय नको.

मतांतील फरक नगण्य असेल, तिथे क्रमांक देऊ नयेत. सदतिसावा आणि अडतिसावा यांच्यात नेमके काय अंतर आहे, हे समितीतल्या कोणालाही सांगता येणार नसेल, तर त्यांना एका गटात नावाच्या वर्णानुक्रमाने ठेवावे. वाचकांची करमणूक थोडी कमी होईल, हे मान्य आहे.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि ज्या नाहीत त्या का नाहीत, हे पुढची यादी काढण्यापूर्वी आपण जाहीररीत्या सांगावे, अशी विनंती आहे. मला वैयक्तिक उत्तर पाठवण्याची गरज नाही. ते यादी वाचणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी छापावे.

कळावे.

आपला,
बचावफळीतला एक जुना खेळाडू आणि आपल्या याद्यांचा नियमित वाचक